खिशातली टिपणवही

मुख्याध्यापकाच्या वाट्याला जी नीरस कामे येतात त्यांत शिक्षकांची पाठटाचणे तपासून सह्या करणे हे एक. अलीकडे तरुण शिक्षक वहीऐवजी मोबाईल पुढे करतात. “सर, टाचण यात आहे.” मी विचारतो, “मग सही कुठे करू? काचेवर?” आणि सारी स्टाफरूम हसते. पण याच हसण्यातून मी या टिपण-ॲप्सच्या नादाला लागलो आणि आज स्वतःच चार-पाच ॲप्स वापरून बसलो आहे. तेव्हा त्यांचे परीक्षण लिहिण्याचा थोडासा अधिकार मला पोहोचतो, असे समजतो.

साहित्याला वाहिलेल्या अंकात हे कशाला, असे कुणी विचारील. समर्थांनी दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे आणि त्यात बोरू, चाकू, कातर यांचीही दखल घेतली आहे. लेखणी जर निरूपणाचा विषय होऊ शकते, तर तिच्या जागी आलेल्या साधनाने काय पाप केले?

आधी गुणांविषयी बोलू. ही वही नेहमी खिशात असते, ही गोष्ट वाटते तेवढी किरकोळ नाही. बेळगावच्या बसस्टँडवर कुणी म्हातारी “काय करूलालास रे?” म्हणून नातवाला दटावते, ते ‘करूलालास’ त्याच क्षणी टिपले नाही तर घरी पोहोचेपर्यंत त्याचे ‘करतोस’ होऊन बसते. पण आमच्यासारख्या दुभाषी भागातल्या माणसाला याहून मोठा लाभ दुसराच आहे. पूर्वी मराठीचा टाईपरायटर वेगळा, कन्नडचा वेगळा, इंग्रजीचा तिसरा. आज कन्नड परिपत्रकातली ओळ, खाली तिचा माझा मराठी अर्थ आणि शेजारी इंग्रजी क्रमांक, असे तिन्ही एका पानावर सुखाने नांदतात. हे श्रेय खरे म्हणजे युनिकोडचे. पण फळ ॲपमध्ये मिळते.

आता दोष. जाहिरातीत सर्वांत मोठा गुण म्हणून सांगितला जातो तो शोध, आणि मराठी माणसाची पहिली फजिती तिथेच होते. ही ॲप्स अक्षरे जुळवून शोधतात. इंग्रजी शब्दाला त्याचा फारसा त्रास नाही, कारण तो सहसा रूप बदलत नाही. आमचा शब्द विभक्ती लागण्याआधीच सामान्यरूप होऊन बसतो. ‘विहीर’ शोधा, ‘विहिरीत’ सापडणार नाही, कारण दीर्घ ‘ही’ ऱ्हस्व झाली. ‘मूल’ शोधा, ‘मुलाला’ गायब. ‘पाऊस’ आणि ‘पावसात’ यांच्यात तर पहिल्या अक्षरापुढे काही जुळतच नाही. नुसते ‘पा’ शोधावे तर पाणी, पाहुणे, पाटील सगळे दारात उभे! गंमत अशी की शेजारची कन्नड इथे बहुधा सुटते. ‘मने’ म्हणजे घर. ‘मनेयल्लि’ या रूपात ते ‘मने’ अखंड राहते, म्हणून सापडते. माझी कन्नड टिपणे पटकन हाती लागतात आणि मातृभाषेतली लपून बसतात, यावर घरात बरीच थट्टा होते.

याहून सूक्ष्म घोटाळा दिसतच नाही. ‘दुसऱ्या’ शब्दातला ऱ्य संगणकाच्या पोटात दोन रीतींनी लिहिला जातो: एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, दुसरीत साध्या र चा पाय मोडून त्याला न दिसणारे जोडचिन्ह लावून. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला दोन निराळे. खुद्द ‘ॲप’ या शब्दाचीही हीच कथा. त्यातला ‘ॲ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये आला. त्याआधीची रीत अ वर चंद्र चढवण्याची, आणि ती अजूनही चालू आहे. मोबाईलवर लिहिलेले आणि संगणकावर लिहिलेले टिपण एकमेकांना ओळखत नाहीत ते यामुळे. यावर माझा तोडगा शिक्षकी आहे: प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर विषयाचे मूळ रूप स्वतंत्र लिहायचे. विहीर. मूल. पाऊस. यंत्राला शिकवता येत नसेल तर आपणच इयत्ता पहिलीत बसावे.

एकेका ॲपविषयी थोडक्यात. गूगलचे कीप (२०१३) म्हणजे भिंतीला चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठ्या. बाजाराच्या यादीला उत्तम, वीस वर्षांच्या संग्रहाला अपुरे. मायक्रोसॉफ्टचे वननोट (२००३) खऱ्या वहीच्या जवळचे. पानावर वाटेल तिथे लिहा, पेनाने खुणा करा, शिक्षकाला मानवते. नोशनमध्ये इतके तक्ते आणि रकाने आखता येतात की आखणीची हौस असणाऱ्याची दिवाळीची सुटी आखण्यातच जाईल. ऑब्सिडियन (२०२०) आणि जोप्लिन रूपाने ओबडधोबड, सुरुवातीला नातवाची मदत लागेल अशी. पण माझा कौल त्यांनाच आहे. कारण त्यांतली टिपणे साध्या मजकुराच्या फायली म्हणून बाहेर काढता येतात. ऑब्सिडियनमध्ये तर ती मुळात तशीच, आपल्याच यंत्रावर असतात. उद्या ॲप बंद पडले तरी फायली दुसऱ्या कशातही उघडतील.

या एका गुणाला मी एवढे महत्त्व का देतो? गूगल नोटबुक २००६ मध्ये आले आणि २०१२ मध्ये बंद झाले. एव्हरनोट २००८ पासून एवढे लोकप्रिय; २०२३ मध्ये ते दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस फुकट वापरणाऱ्याला पन्नास टिपणे आणि एक वही एवढीच मर्यादा आली. कंपनीने धंदा करू नये असे माझे म्हणणे नाही. पण वहीचा कारखाना विकला गेला म्हणून कपाटातल्या वहीची पाने कुणी मोजायला येत नसे. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यात वारले. त्यांनी मागे ठेवलेल्या टिपणांवरून मराठी धातुकोश पुढे दुसऱ्यांनी सिद्ध केला. दप्तर उघडायला परवलीचा शब्द लागत नव्हता.

हे लिहिताना मनात एक माणूस आहे. आमच्या शाळेत मराठीचे एक शिक्षक होते. खानापूर तालुक्यातल्या गावोगावी जाऊन ते जात्यावरच्या ओव्या उतरवून घेत. लांब वह्या, निळी शाई, प्रत्येक ओवीखाली गाव आणि सांगणाऱ्या बाईचे नाव. २०१६ च्या सुमारास मीच त्यांना म्हटले, “सर, वह्या किती वाहणार? मोबाईलवर घ्या, आवाजही राहील.” त्यांनी ऐकले. २०२१ मध्ये ते गेले. फोनला कुलूप होते आणि त्याचे आकडे घरात कुणाला ठाऊक नव्हते. दुकानदार म्हणाला, उघडायचा तर आतले सगळे पुसावे लागेल. खात्याकडून जावे तर त्याचा आकडा त्यांच्याच नंबरवर येणार, आणि तो नंबर तोवर बंद झालेला. शेवटी मुलाने फोन पुसून घेतला. त्याला दोष कसा देऊ? सांगणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणी आज नाहीत.

आपल्या पश्चात खाते कुणी उघडावे हे नेमून ठेवण्याची सोय गूगलने २०१३ पासून दिली आहे, ॲपलने २०२१ पासून. दोन वर्षे कुणी न उघडलेली व्यक्तिगत खाती पुसण्याचे धोरणही गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले, हेही लक्षात असावे. हे सारे मला फार उशिरा कळले. वाचकांनी ही सोय आजच पाहून घ्यावी; फराळाच्या ताटाआधी पाहिली तरी हरकत नाही.

सरांच्या कागदी वह्या सात. त्या त्यांच्या मुलीने शाळेकडे दिल्या आहेत. गेल्या मे महिन्याच्या सुटीपासून दोन तरुण शिक्षिका आणि मी त्या उतरवून घेत आहोत: एका ओवीला एक फाईल, साधा मजकूर, डोक्यावर मूळ रूपे, तीन ठिकाणी प्रती आणि एक छापील संच. पाच वह्या झाल्या, सहावी चालू आहे. सातवी मी आधीच चाळून पाहिली. ती अर्ध्यावर थांबते. शेवटच्या लिहिलेल्या पानावर तारखेखाली सरांच्या नेटक्या अक्षरात एक ओळ आहे: ‘पुढील ओव्या मोबाईलमध्ये पाहणे.’