मधुमेहपूर्व अवस्था आणि रक्तमेदांचे निर्देशांक : एक परामर्श

रक्तशर्करा निरोगी मर्यादेच्या वर गेली, परंतु मधुमेहाच्या व्याख्येत बसण्याइतकी वाढली नाही, म्हणजे त्या स्थितीस मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष प्रमाण मानले, तर या अवस्थेतील भारतीयांची संख्या सुमारे १३ कोटी ६० लाख भरते. यांतील सर्वांनाच पुढे मधुमेह वा हृद्रोग जडतो असे नाही. तेव्हा अधिक धोका कोणाला, हे स्वस्त व सुलभ चाचणीने ओळखता यावे, ही अपेक्षा रास्तच आहे. रक्तातील मेदद्रव्यांच्या मापनावरून बेतलेले अनेक निर्देशांक गेल्या पंचवीसेक वर्षांत पुढे आले, ते याच अपेक्षेतून. मात्र त्यांच्या आधारे मांडल्या जाणाऱ्या निष्कर्षांपैकी किती भाग निरीक्षणातून आलेला असतो आणि किती भाग व्याख्येतच दडलेला असतो, याची छाननी पुरेशी होत नाही.

या निर्देशांकांमागील शरीरक्रियाशास्त्रीय भूमिका भक्कम आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा झाल्या, की मेदपेशींतून मुक्त मेदाम्ले अधिक प्रमाणात यकृताकडे येतात आणि यकृत ट्रायग्लिसराइडयुक्त कण अधिक संख्येने रक्तात सोडते. या कणांशी होणाऱ्या देवघेवीत एचडीएलमधील कोलेस्टेरॉल निघून जाते, त्याच्या जागी ट्रायग्लिसराइड येते, व असे एचडीएल कण लवकर नाश पावतात. एलडीएलचे कणही लहान व दाट होतात; परिणामी एलडीएल-कोलेस्टेरॉलचा आकडा समाधानकारक दिसूनही धोका शिल्लक राहतो. वाढलेले ट्रायग्लिसराइड आणि घटलेले एचडीएल ही जोडी जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली वर्णिलेल्या लक्षणसमूहात आहेच. तेव्हा आक्षेप या भूमिकेवर नाही. तो तिच्या आधारे केल्या जाणाऱ्या युक्तिवादावर आहे.

पहिला दोष आत्माश्रयाचा. चयापचय-लक्षणसमूहाची २००१ साली अमेरिकेत रूढ झालेली व्याख्या पाच निकषांची आहे : कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची शर्करा, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल. यांपैकी कोणतेही तीन पुरे होतात. शर्करेची मर्यादा २००५ मध्ये ११० वरून १०० पर्यंत खाली आणली गेल्यामुळे, उपाशीपोटीच्या शर्करेवरून मधुमेहपूर्व ठरलेल्या व्यक्तीने एक निकष आरंभीच पूर्ण केलेला असतो. तिचे ट्रायग्लिसराइड वाढलेले व एचडीएल घटलेले असले, की उरलेले दोनही पूर्ण होतात. अशा स्थितीत ट्रायग्लिसराइड व एचडीएल यांचे गुणोत्तर हा लक्षणसमूह ‘उत्तम रीतीने ओळखते’ असे सांगणे म्हणजे व्याख्येतील पदे व्याख्येशी जुळतात एवढेच सांगणे होय.

ट्रायग्लिसराइड-ग्लुकोज निर्देशांकाची अडचण निराळी आहे. मेक्सिकोतील संशोधकांनी २००८ मध्ये सुचविलेला हा निर्देशांक म्हणजे दोन्ही मापांच्या गुणाकाराच्या निम्म्याचा नैसर्गिक लॉगरिदम. एका व्यक्तीची शर्करा दर डेसिलिटरला १०८ मिलिग्रॅम व ट्रायग्लिसराइड १६० आहे. दुसरीची शर्करा ९६ व ट्रायग्लिसराइड १८० आहे. दोन्ही गुणाकार समान असल्याने दोघींचा निर्देशांक ९.०६ येतो, परंतु अमेरिकन निकषानुसार पहिली मधुमेहपूर्व आणि दुसरी निरोगी ठरते. म्हणजे जो भेद अभ्यासाचा विषय, तोच येथे पुसला गेला. उलटपक्षी, केवळ मधुमेहपूर्व व्यक्तींचाच गट घेतला, तर शर्करा १०० ते १२५ या अरुंद पट्ट्यात कोंडलेली असते. तिच्यामुळे निर्देशांकात फार तर ०.२२ इतका फरक पडतो. ट्रायग्लिसराइड ८० वरून ३२० वर गेल्यास मात्र तो १.३९ ने वाढतो. या गटापुरता हा निर्देशांक ट्रायग्लिसराइडचेच दुसरे नाव ठरतो.

तिसरा दोष निव्वळ गणिताचा आहे. २००१ साली मांडलेला प्लाझ्माचा अथेरोजेनिक निर्देशांक हा ट्रायग्लिसराइड व एचडीएल यांच्या मोलर गुणोत्तराचा लॉगरिदम आहे. लॉगरिदम घेतल्याने किंवा एकके बदलल्याने व्यक्तींचा अनुक्रम बदलत नाही. म्हणून रोगी व निरोगी यांना वेगळे करण्याची दोहोंची शक्ती तंतोतंत सारखीच असली पाहिजे. एखाद्या प्रबंधात या दोघांची स्पर्धा लावून एकाला सरस ठरविलेले आढळले, तर तेथे आकडेमोडच पुन्हा तपासावी लागेल.

भारतीय संदर्भात आणखी सावधगिरी हवी. तामिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड व चंडीगड येथील पाहणीच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ७२.३ टक्के प्रौढांचे एचडीएल कमी, तर २९.५ टक्क्यांचेच ट्रायग्लिसराइड जास्त आढळले होते. म्हणजे येथे गुणोत्तर फुगते ते पुष्कळदा छेद लहान असल्यामुळे. ट्रायग्लिसराइड १२० व एचडीएल ३६ असलेला पुरुष, आणि ट्रायग्लिसराइड १८० व एचडीएल ५४ असलेला पुरुष, या दोघांचेही गुणोत्तर ३.३ येते, परंतु दोघांच्या शरीरातील घडामोडी एकच आहेत असे मानण्यास त्यावरून आधार मिळत नाही. अतिवजनाच्या अमेरिकन व्यक्तींवरून २००३ साली सुचविलेली ३ ही मर्यादा येथे जशीच्या तशी उचलणे म्हणूनच सयुक्तिक नाही.

निर्देशांकाची खरी कसोटी तीन प्रश्नांत सामावते. मूळ मापे स्वतंत्रपणे विचारात घेतल्यानंतर तो काही अधिक सांगतो काय? ज्या परिणामाचे भाकीत करावयाचे, तो परिणाम निर्देशांकाच्या घटकांपासून स्वतंत्र आहे काय? आणि एकाच दिवशीच्या तपासणीऐवजी काही वर्षांच्या पाठपुराव्यात, प्रत्यक्ष मधुमेह वा हृद्रोग उद्भवल्यावर, हे भाकीत खरे ठरते काय? या प्रश्नांची उत्तरे न देता काढलेला नवा निर्देशांक अभ्यासकाला एक प्रबंध देईल. ज्या माणसाच्या हाती तपासणीचा कागद पडतो, त्याला मात्र त्यातून नवे असे काहीच कळणार नाही.