हात न लावलेली बुगाटी

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या गॉस्फर्थ भागातल्या एका गॅरेजात सापडलेल्या बुगाटीचे फोटो मी अधूनमधून काढून पाहतो. गाडी 1937 सालची, टाइप 57 एस अटलांट. टपावर, बॉनेटवर, मडगार्डांवर धुळीचा जाड थर. एका अस्थिरोगतज्ज्ञाने ती 1955 मध्ये घेतली, काही वर्षं चालवली आणि 1960 च्या सुमारास गॅरेजात उभी केली. 2007 मध्ये ते वारले आणि गाडी नातेवाइकांकडे आली.

धुळीतूनही पहिल्यांदा नजरेत भरतो तो तिचा बुटकेपणा. नेहमीच्या गाडीत सांगाडा मागच्या आसाच्या वर बसतो. इथे तो आसच सांगाड्याच्या आरपार गेला आहे, म्हणून अख्खी गाडी जमिनीकडे झुकली. इंजिनाखाली तेलाची खोल परात ठेवली तर तेही वर उचलावं लागलं असतं. म्हणून तेलाला वेगळी टाकी दिली. एका रांगेतले आठ सिलिंडर आणि 3,257 सीसीचं ते लांबलचक धूड मग त्या उतरत्या बॉनेटखाली मावलं. पुढचा रेडिएटर मधोमध दुमडून टोकदार केलेला. टपाची रेषा काचेवरून उठते, डोक्यावर जेमतेम रेंगाळते आणि शेपटीपर्यंत घसरत जाते. कुठेही हिसका नाही. या सांगाड्यावर अटलांटची बॉडी चढलेल्या गाड्या मोजून सतरा. पण दुर्मीळ म्हणून सुंदर, असं मी म्हणणार नाही. दुर्मीळ आणि ओबडधोबड गाड्याही पुष्कळ आहेत.

मला या गाडीत सगळ्यात आवडतात त्या मात्र कारखान्याने न दिलेल्या गोष्टी. पहिले मालक अर्ल हाऊ, म्हणजे 1931 ची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकलेल्या जोडीतले एक. त्यांनी या नाजूक देहाला बंपर लावून घेतले, काचेच्या खांबांवर आरसे बसवले आणि मागे चक्क सामानाचं कॅरिअर जोडलं! शर्यतीतल्या माणसालाही गावाला जाताना बॅगा लागतातच. शुद्धतावादी नाक मुरडतील. मुरडोत. त्या कॅरिअरमुळे गाडी कुणीतरी वापरलेली वाटते. मैलांचा आकडाही तेच सांगतो: 26,284. म्हणजे बेचाळीस हजार किलोमीटरच्या आसपास.

आता वारसांचं बघू. त्यांनी या गाडीला नवा रंग दिला नाही, सीट बदलल्या नाहीत, क्रोम चकचकीत करून घेतलं नाही. आपल्याकडे वारशाने आलेली पितळी समई आधी चिंच लावून लख्ख घासली जाते. तोच हात इथे फिरला असता तर मूळचं बरंच काही पुसलं गेलं असतं. त्यांनी गाडी बॉनहॅम्स या लिलावगृहाकडे सोपवली. चेसिस नंबर 57502. सांगाडा, इंजिन, बॉडी, सगळं मूळचं. नंबर वाचायला मेकॅनिक असावं लागत नाही. आणि तो वाचला की त्याच्यामागचा अर्ल, त्याची बिलं, त्याचं कॅरिअर हे सगळं ओळीने हाती लागतं.

7 फेब्रुवारी 2009 रोजी पॅरिसच्या रेट्रोमोबिल प्रदर्शनात तिचा लिलाव झाला. मंदीचे दिवस होते. किंमत आली 34,17,500 युरो, तेव्हाच्या दराने वीस कोटी रुपयांहून जास्त. काहींनी याहून मोठे आकडे आधीच छापले होते, म्हणून कुणाला ती कमी वाटली असेल. मला वाटली नाही. डागडुजी न झालेल्या, वर्षानुवर्षं न धावलेल्या गाडीला एवढा भाव मिळाला, म्हणजे घेणाऱ्यांनी तिचा अस्सलपणाच मोजून घेतला.

वाड्याच्या पडवीत बुगाटी सापडणं आपल्या नशिबी नाही. पण आजोबांची डुक्कर फियाट किंवा मॉरिस मायनर अनेकांकडे ताडपत्रीखाली आहे, आणि वरवर बघून भंगाराचा भाव सांगणारा माणूस दारात यायला वेळ लागत नाही. त्याला लगेच होकार देऊ नका. आधी आहे त्या अवस्थेत सगळ्या बाजूंनी फोटो काढा. चेसिस आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून बघा. जुनी बिलं, विम्याचे कागद, रंग उडालेली मूळ नंबरप्लेट, काहीही टाकू नका. फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्या, विक्रीचे कागद त्यानंतरचे. पन्नास वर्षांवरच्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला 2021 च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. पहिल्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये. त्यातही अट मूळ रूपाचीच आहे. तेव्हा रंगाऱ्याला बोलावण्याआधी ती गाडी दोन-तीन जाणकारांना, आहे तशीच, धुळीसकट दाखवा.