जनसंपर्काच्या अभ्यासातील ‘जन’

जनसंपर्क हा विषय विद्यापीठात शिकवावा की नाही, हा वाद आता उरलेला नाही. १९२३ साली एडवर्ड बर्नेज यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात या विषयाचे अध्यापन सुरू केले. भारतात १९५८ साली या व्यवसायाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. आणि महाराष्ट्रातील विद्यापीठांतही पत्रकारिता व संज्ञापन यांच्या अभ्यासक्रमांत त्याला स्थान मिळाले. प्रश्न उरतो तो निराळाच. ज्या शब्दांच्या आधारे हा विषय विचार करतो, ते शब्द त्याने कधी तपासले आहेत काय? प्रस्तुत लेखात धरमतरच्या खाडीकाठच्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा करावयाची आहे.

या विषयाच्या सैद्धांतिक भागात ग्रूनिग व हंट यांनी १९८४ साली मांडलेल्या चार प्रतिमानांना मध्यवर्ती स्थान आहे. निव्वळ प्रसिद्धी, माहितीचे प्रसारण, द्विमार्गी परंतु विषम संवाद आणि द्विमार्गी सम संवाद, अशी ही चढती श्रेणी. चौथे प्रतिमान आदर्श मानले जाते. कारण त्यात संस्था बोलते तशी ऐकतेही. या मांडणीचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. तथापि तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही की, दोन्ही पक्षांची भाषा एकच आहे. न्यूयॉर्कमध्ये हे गृहीत कदाचित चालून जाईल. पेण तालुक्यात ते चालत नाही.

धरमतरची खाडी म्हणजे अंबा नदीचे मुख. तिच्या एका काठाला पेण, दुसऱ्या काठाला अलिबाग तालुका. भरतीचे पाणी बांध घालून अडवावयाचे आणि त्यामागे भात पिकवावयाचे, ही खारेपाटाची जुनी रीत. याच खाडीवर डोलवीचा पोलाद कारखाना व मालाचे धक्के उभे राहिले. अशा प्रदेशात प्रकल्पाच्या अहवालाने एखाद्या जमिनीची नोंद ‘पडीक’ अशी केली, तर तो शब्द महसुली दृष्टीने निर्दोष असू शकेल; पण तेथे तळे करून जिताडा पोसणाऱ्या शेतकऱ्याला ती जमीन पडीक नव्हे. संवाद द्विमार्गी झाला तरी शब्द एकाच बाजूचे राहिले, तर त्या संवादाला सम म्हणता येत नाही.

२००८ साली पेण तालुक्यात घडलेली घटना या दृष्टीने अभ्यसनीय आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी होणाऱ्या भूसंपादनाविषयी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांचे मत शासनाने २१ सप्टेंबर रोजी घेतले. त्या वेळी लागू असलेल्या १८९४ च्या कायद्यात अशा संमतीला स्थान नव्हते. खासगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक ठरली ती २०१३ च्या कायद्याने. तेव्हा लोकांना विचारले गेले, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु अनुकूल वा प्रतिकूल एवढेच मोजणाऱ्या जनमताला कारणांची नोंद करता येत नाही. धरणाचे पाणी ज्या जमिनीसाठी आहे, तीच जमीन का द्यावी, हा युक्तिवाद आकड्यात मावत नाही.

कारणे नोंदविण्याची जागा म्हणून आपल्यापुढे जनसुनावणी येते. हा शब्दच लक्षणीय आहे. ‘सुनावणे’ हे प्रयोजक रूप. त्याचा मूळ अर्थ ‘ऐकविणे’. न्यायालय फिर्याद ऐकते तीही सुनावणी, आणि ते शिक्षा देते तेव्हा शिक्षाही सुनावतेच. कोण कोणाला ऐकवितो, हे शब्दावरून कळत नाही. ते सभेच्या व्यवहारावरून ठरते. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे अहवालाचा सारांश इंग्रजीप्रमाणेच स्थानिक भाषेतही द्यावा लागतो, आणि सुनावणीच्या अखेरीस इतिवृत्ताचा सारांश वाचून स्थानिक भाषेत समजावून सांगावा लागतो. म्हणजे तपशीलवार अहवाल इंग्रजीत आणि सारांश मराठीत, अशी ही वाटणी होऊ शकते. बाधिताच्या वाट्याला सारांशच येणार असेल, तर त्याचे उत्तरही सारांशापुरतेच राहणार. २०२० साली या अधिसूचनेचा नवा मसुदा प्रथम केवळ इंग्रजी व हिंदीत प्रसिद्ध झाला. आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत त्याचे भाषांतर करावे, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला द्यावा लागला. आपला अभ्यासक्रम ज्या गोष्टीला ‘अनुवादाची सोय’ समजतो, ती येथे हक्काची बाब ठरली.

यावर असा आक्षेप येईल की, हा विषय व्यावसायिक आहे. विद्यार्थ्याला संस्थेची बाजू मांडता आली म्हणजे पुरे. परंतु तेवढेच साधावयाचे असेल तर ते कार्यालयातील उमेदवारीत साधते. त्यासाठी विद्यापीठाची आवश्यकता नाही. विद्यापीठाने विषयाबरोबर त्याची मर्यादाही शिकवावयाची असते. ‘जनसंपर्क’ या समासात संपर्क साधणारा कर्ता लुप्त आहे. तो संस्थाच असणार, हे पाठ्यपुस्तकांनी न सांगता ठरवून टाकले आहे. वस्तुतः तो कर्ता ‘जन’ही असू शकतो. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ ते १९३९ या काळात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप चालविला, आणि १९३७ साली ‘कृषीवल’ हे पत्र निघाले. आपले म्हणणे आपल्या शब्दांत जगापुढे मांडण्याचा हा उद्योग जनसंपर्काच्या इतिहासात का बसू नये? तो इतिहास न्यूयॉर्कपासूनच सुरू व्हावा, असा नियम नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे प्रबंधाचा एक विषय उघड आहे. कोणत्याही एका जनसुनावणीतील मूळ मराठी भाषणे आणि तिचे इंग्रजी इतिवृत्त समोरासमोर ठेवावे. कोणती विधाने टिकली, कोणती गळाली, कोणत्या हरकतीची ‘सूचना’ झाली आणि कोणत्या नकाराची ‘अपेक्षा’ झाली, हे ओळीओळीने पाहावे. सुनावणीचे चित्रीकरण करण्याचे बंधन अधिसूचनेतच असल्याने साधनांची वाण पडण्याचे कारण नाही. असे दहा अभ्यास झाले, तर चौथ्या प्रतिमानातील ‘सम’ या शब्दाला मराठीत काही अर्थ आहे की नाही, हे निश्चयाने सांगता येईल. तोवर तो आदर्श म्हणून शिकवावा, परंतु वस्तुस्थिती म्हणून शिकवू नये.