गार इंजिनाची साक्ष

पाणी खाणाऱ्या गाडीचा दोष शोधण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली सगळीकडे चालते. केबिन झुकवायची, दिसेल त्या क्लिपवर पाना चढवायचा, सगळं आवळायचं, कुलंट भरायचं आणि गाडी सोडून द्यायची. दुसरी तऱ्हा फार थोड्यांना येते, कारण तीत पाना सगळ्यात शेवटी हातात घ्यायचा असतो. जालन्यात मंठा चौफुलीजवळच्या एका गॅरेजात मला ही दुसरी तऱ्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहायला मिळाली. तिच्याविषयी निगुतीनं लिहावं असं तेव्हापासून मनात आहे. कवितेचं, चित्राचं, गाण्याचं रसग्रहण आपण करतो. कारागिराच्या विचाराचं कौतुक मात्र बिलाच्या रकमेपलीकडे जात नाही.

ट्रक बारा टायरी, दसऱ्याच्या मुहूर्तावर घेतलेला. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधून सळया भरायच्या आणि कधी मुंबईकडे, कधी समृद्धी महामार्गानं विदर्भात उतरवायच्या, हे त्याचं काम. तक्रार साधी होती. कुलंटच्या टाकीतली पातळी हळूहळू उतरत होती. खाली थेंब दिसत नव्हता, काटा वर जात नव्हता, इंजिनाचा आवाज बदलला नव्हता. आधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं आणि दोन्हीकडे क्लिपा आवळून मिळाल्या होत्या. संक्रांतीच्या सुमारास, थंडी चांगली पडलेली असताना, गाडी या मिस्त्रींकडे आली.

त्यांचा पहिला प्रश्न असा: पातळी कधी बघता आणि कुठं? ड्रायव्हर कधी ढाब्यावर बघायचा, कधी मिलच्या उतारावर, कधी इंजिन गरम असताना. मिस्त्रींनी टाकीवर चिकटपट्टी लावून पेनानं रेघ मारली आणि सांगितलं, रोज एकाच सपाट जागेवर, पहाटे, चावी फिरवण्याआधी बघायचं. गरम कुलंट फुगतं, उतारावर पातळी कलते. शिवाय नव्या गाडीत कारखान्यात भरताना अडकलेली हवा सुरुवातीला हळूहळू बाहेर पडते, तेवढी पातळी खाली बसते आणि मग स्थिर होते. ती गळती नव्हे. आधी हे वेगळं काढायला हवं. कुलंट खरंच बाहेर जातंय का, हे ठरवल्याशिवाय ते कुठून जातंय हे विचारायचं नाही, ही त्यांची शिस्त मला या सगळ्या कामातली पहिली सुंदर जागा वाटते.

रेघ उतरत राहिली. मग प्रश्न आला, आत की बाहेर? इथं त्यांनी जी वाट घेतली ती पाहण्यासारखी होती, कारण तिच्यात काहीही उघडलेलं नव्हतं. पहाटे गाडी सुरू करायला लावून ते सायलेन्सरच्या तोंडापासून हातभर दूर उभे राहिले. थंडीत वाफ तर दिसणारच. ती विरते की पांढरा धूर रेंगाळत राहतो आणि त्याला गोडसर वास येतो का, एवढंच त्यांना हवं होतं. 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांमध्ये सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराचा काही भाग कुलंटनं थंड करून पुन्हा इंजिनात घेण्याची सोय पुष्कळ ठिकाणी असते. तो थंड करणारा भाग आतून फुटला तर कुलंट धुराबरोबर निघून जातं आणि जमिनीवर एक थेंब पडत नाही. इथं वास नव्हता. ऑइलच्या झाकणाखाली बोट फिरवलं. पिवळट साय नव्हती. टाकीत बुडबुडे नव्हते.

त्यानंतर त्यांनी ब्रेकच्या हवेच्या टाकीचा ड्रेन कॉक उघडला. मी थक्क झालो. कुलंट शोधताना ब्रेककडे कोण जाईल? पण ट्रकमध्ये ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर बहुधा इंजिनाच्याच कुलंटनं थंड होतो. त्याच्या हेडचं गॅस्केट गेलं की कुलंट हवेबरोबर टाकीत जाऊन बसतं. पाणी खाणारी गाडी कधीकधी ते पाणी ब्रेकमध्ये साठवत असते. फस्स करून हवा आली, सोबत थोडी वाफट ओल आली. ती पांढऱ्या चिंधीवर घेऊन त्यांनी उजेडात धरली. रंग नव्हता. चिंधी घडी करून बाजूला ठेवली.

आता उरलं ते बाहेरचं. आणि इथं जालनाच त्यांच्या मदतीला आलं. हौसेनं घेतलेली नवी गाडी ड्रायव्हर आठवड्याला वॉशिंग सेंटरवर नेत असे. मिस्त्रींनी जोडांवरून एकदा स्वतःच्या हातानं कोरडी चिंधी फिरवली आणि बजावलं, पुढचे आठ दिवस गाडी धुवायची नाही. कुलंटमधलं पाणी उडून जातं, पण ग्लायकॉल लवकर वाळत नाही. त्याचा पातळ थर ओलसर राहतो आणि धूळ धरून ठेवतो. आपल्याकडे धुळीला तोटा नाही. काळ्या रानाची माती आहे, मिलच्या आवारातला लोखंडी भुगा आहे. जिथं ओल तिथं धूळ चिकटून गडद पट्टा उमटतो. मराठवाड्यातल्या घरात ज्यानं रांजण पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. पाझर कुठून येतो ते रांजणाच्या अंगावरची क्षारांची पांढरी रेघ दाखवते, पाणी नव्हे. नव्या गाडीचा स्वच्छपणा हाच या शोधातला अडसर होता. आठवड्याच्या आठवड्याला साक्ष धुऊन जात होती.

आठ दिवसांनी केबिन झुकवली तेव्हा डाग दिसले, आणि एक नव्हे, तीन. एक पांढरा, चुन्यासारखा. त्यावर बोट गेलं की कुणीही म्हणेल, सापडलं. मिस्त्रींनी त्यावर ओली चिंधी दाबली, डाग साखरेसारखा विरघळला. तो धूर स्वच्छ करण्यासाठी बीएस-6 गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या युरियाच्या द्रावणाचा होता, कुलंटशी त्याचा संबंध नव्हता. उरलेले दोन गुलाबी झाक असलेले, चिकट. एक मागे, खाली, चासीच्या आडव्या पट्टीवर. दुसरा पुढे, रेडिएटरच्या खालच्या जाड होजजवळ. मोठा डाग मागचा होता. घाईचा माणूस तिथंच थांबला असता. पण धावत्या गाडीत पंख्याचा आणि रस्त्याचा वारा थेंब मागं ढकलतो, वजन त्याला खाली ओढतं. जिथं साचतं ते उगमस्थान नसतंच. सगळ्यात पुढचा आणि सगळ्यात वरचा ओला ठिपका शोधायचा. तो होजच्या तोंडापाशी, क्लिपच्या वरच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढा होता.

ड्रायव्हरचा हात पान्याकडे गेला. "उस्ताद, एवढी एक क्लिप तरी आवळून टाका."

"नको भाऊ. आत्ता आवळली तर उद्या काय बघायचं?"

या एका उत्तरासाठी मी हा लेख लिहितोय. काश्मीरच्या क्षेमेंद्रानं अकराव्या शतकात औचित्याला रसपूर्ण काव्याचा प्राण मानलं. योग्य ठिकाणी योग्य तेवढंच, आणि जिथं नको तिथं काहीच नाही. पाना न लावणं हे त्या घटकेचं औचित्य होतं. आवळण्यानं दोष लपतो, संपत नाही. आणि साक्षही पुसली जाते. स्क्रूची क्लिप गरजेपेक्षा जास्त आवळली तर पट्टी रबरात रुतते, प्लॅस्टिकच्या नळीचं तोंड दबतं, आणि जोड गोल न राहता लांबट होतो. आधीच्या दोन ठिकाणी नेमकं हेच सुरू झालं होतं. रबरावर पट्टीचे दात उमटलेले दिसत होते.

मिस्त्रींनी गाडी रात्रभर गॅरेजात उभी ठेवायला सांगितली आणि खाली पुठ्ठा पसरला. पहाटे, इंजिन दगडासारखं गार असताना, टाकीचं झाकण काढून तिथं हातपंप बसवला. या पंपाला दाबाचा काटा असतो. झाकणाच्या क्षमतेएवढा, म्हणजे साधारण 1 बारचा दाब त्यांनी हातानं भरला आणि स्टूल ओढून बसले.

या बसण्यामागचं शास्त्र सुंदर आहे. गाडी रस्त्यावर असताना कुलंट तापतं, दाब चढतो, पण त्याच वेळी रबर आणि धातू दोन्ही फुगतात आणि फट मिटते. म्हणून गरम गाडीखाली बॅटरी मारून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. रात्री सगळं आकसतं, रबर ताठरतं, फट उघडते. पण तेव्हा आत दाब उरलेला नसतो, फक्त वरच्या कुलंटचं वजन असतं. खालच्या होजवर ते सगळ्यात जास्त. त्या वजनानं दोन-चार थेंब पाझरतात, जमिनीपर्यंत पोचतही नाहीत, आणि सकाळी गाडी सुरू झाली की वाळून जातात. गारठा आणि दाब या दोन गोष्टी गाडी स्वतःहून कधी फारशा एकत्र येऊ देत नाही. मिस्त्रींनी त्या मुद्दाम एकत्र आणल्या. दोष जिथं लपतो ती जागाच त्यांनी शिल्लक ठेवली नाही. मला विचाराल तर सगळ्या कामाचा कळस इथं आहे.

काटा बराच वेळ जागेवर होता. मग किंचित हलला. होजच्या तोंडाशी गुलाबी मणी फुगला, सुटला, दुसरा फुगायला लागला. ज्या बाजूनं आला ती बाजूही आता स्पष्ट होती. त्यांनी आरसा आत धरला आणि मला बघायला बोलावलं. नळीच्या तोंडाशी होज निसटू नये म्हणून एक उंचवटा असतो. क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसायला हवी. ती बरोबर उंचवट्यावर चढून बसली होती. जोडणीच्या वेळी होज काही मिलिमीटर कमी ढकलला गेला असणार. अशा क्लिपला कितीही आवळा, पट्टी एका अरुंद कडेवर दाबत राहते, दोन्हीकडे रबर सैलच. तीन महिन्यांच्या तापण्या-निवण्यानं रबरानं तिथं बसका घेतला आणि पाझर सुरू झाला. पूर्वीचं सगळं आवळणं वाया का गेलं, हेही त्या आरशात दिसलं.

एवढ्या थेंबांसाठी इतकं सगळं कशाला, असं वाटू शकेल. 1 बार दाबाखाली अर्धं ग्लायकॉल आणि अर्धं पाणी असलेलं कुलंट 120 अंशांच्या पलीकडेही उकळत नाही. दाब टिकला नाही तर तेच 107 अंशांच्या आसपास उकळतं. आणि ड्रायव्हर दर वेळी वरून बोअरचं पाणी ओतत होता. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटर उंचीवर आहे, इथं साधं पाणी शंभरी गाठण्याआधीच उकळतं. बोअरच्या जड पाण्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात ते वेगळंच. जानेवारीत दुर्लक्षित राहिलेला हा पाझर मे महिन्याच्या दुपारी, भरलेल्या सळयांसह चढावर, इंजिनाचं हेड वाकवू शकला असता.

आपल्या रस्त्यांवर आणखी एक उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा. मला त्याविषयी आदर आहे. रानात अडकलेल्या ड्रायव्हरनं हळदीच्या पुडीवर गाडी गावापर्यंत आणली असेल तर ती त्याची हुशारी. पण हळद फट आणि वाट यांत फरक करत नाही. आजच्या इंजिनात ऑइल थंड करणाऱ्या भागाचे मार्ग इतके अरुंद असतात की गाळ तिथंच आधी बसतो. नव्या गाडीत तरी हळद नको.

मिस्त्रींनी होज बदलला नाही. गाडी वॉरंटीत होती आणि तिचा जोड त्यांनी उघडला असता तर मालकाचा हक्क गेला असता. त्यांनी पंप लावलेला असतानाचे फोटो काढायला लावले, आरशातला उंचवटा दिसेल असा एक फोटो वेगळा, आणि कागदावर जोडाची जागा, दाब आणि वेळ लिहून दिली. सर्व्हिस सेंटरनं नवा होज टाकला, क्लिप उंचवट्याच्या मागे बसली, पातळ झालेलं कुलंट काढून तयार मिश्रण भरलं. जुनं कुलंट मिस्त्रींनी बंद डब्यात ठेवायला बजावलं होतं. ते चवीला गोड आणि विषारी असतं, गॅरेजच्या दारातली कुत्री चाटतात. पुठ्ठ्यावरच्या डागांवरही त्यांनी त्याच पहाटे वाळू टाकून तो गुंडाळून घेतला होता.

माझी एकच तक्रार आहे. एवढी विद्या त्यांच्या डोक्यात आणि सोबतच्या पोरांच्या नजरेत आहे, आणखी कुठं नाही. डिझेल मेकॅनिक शिकणाऱ्या आयटीआयच्या मुलांना सुटे भाग जोडायला शिकवतात, आणि ते लागतंच. पण जालन्याच्या आयटीआयमध्ये एका चालत्या इंजिनात मुद्दाम असा एक पाझर ठेवावा, वर तीन खोटे डाग पाडावेत. मुलांना चिंधी, आरसा, बॅटरी आणि दाबाचा पंप द्यावा, पाने कुलपात ठेवावेत. आणि परीक्षा पहाटे घ्यावी, इंजिन गार असताना.