ब्राउझरमधला मदतनीस : मुखत्यार कोणाचा?

इंटरनेटवरची पाने पाहण्यासाठी आपण क्रोम, एज, फायरफॉक्स असे जे ब्राउझर वापरतो, त्यांना तांत्रिक दस्तऐवजांत एक बोलके नाव आहे : ‘युजर एजंट’. मराठीत सांगायचे तर वापरणाऱ्याचा मुखत्यार. दूरच्या संगणकाकडे पान मागताना ब्राउझर स्वतःची जी ओळख पाठवतो, त्या ओळीचेही नाव हेच आहे. मुखत्याराने आपल्या वतीने पान आणावे, दाखवावे आणि आपण सांगू तेवढेच पलीकडे कळवावे, अशी साधी अपेक्षा या नावात आहे.

गेल्या दोन-तीन वर्षांत या मुखत्याराच्या शेजारी कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस आणून बसवला आहे. तो पानाचा सारांश सांगतो, भाषांतर करतो, पत्राचा मसुदा सुधारून देतो. या सोयी निरुपयोगी आहेत असे आम्ही म्हणत नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. हे काम आपल्या टेबलावरच्या यंत्रात होते की कंपनीच्या दूरच्या संगणकावर, हे पडद्याकडे पाहून कळत नाही. प्रयोगशाळेत एखाद्या उपकरणाने नमुना कोठे नेला आणि कोठे तपासला हे सांगितले नाही, तर ते उपकरण आपण परत पाठवू.

फायरफॉक्समध्येच दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आहेत. भाषांतराची सोय ‘बर्गामॉट’ या प्रकल्पातून आली. युरोपीय संघाच्या अर्थसाहाय्याने एडिंबरा विद्यापीठ, मोझिला आणि इतर काही विद्यापीठांनी मिळून तो केला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ही सोय फायरफॉक्सच्या ११८व्या आवृत्तीत अंगभूत झाली. भाषांच्या जोडीसाठी लागणारे लहानसे प्रारूप एकदा उतरवून घेतले, की पुढची सर्व आकडेमोड आपल्याच संगणकात होते आणि पानावरचा मजकूर घराबाहेर पडत नाही. त्याच ब्राउझरच्या बाजूपट्टीत चॅटजीपीटी, जेमिनी यांसारखे संवादक उघडता येतात. तेथे दिलेला मजकूर मात्र त्या त्या कंपनीच्या संगणकावर जातो. तो तेथे जाण्याचे कारण खरे आहे. मोठ्या भाषा-प्रारूपात अब्जावधी संख्या असतात आणि शाळेतल्या पाच-सात वर्षे जुन्या संगणकाला ते पेलणार नाही. पण न पेलणे ही एक गोष्ट झाली आणि न सांगणे ही दुसरी.

शुद्धलेखन-तपासनीसाचे उदाहरण शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. क्रोममध्ये हा तपासनीस दोन प्रकारचा आहे. साधा तपासनीस संगणकात ठेवलेल्या शब्दयादीशी आपला शब्द ताडून पाहतो. दुसरा, अधिक हुशार तपासनीस आपण होऊन निवडावा लागतो, आणि तो आपण टंकलेला मजकूर गूगलकडे पाठवतो. सप्टेंबर २०२२ मध्ये ऑटो-जेएस या संगणक-सुरक्षेचे काम करणाऱ्या कंपनीने दाखवून दिले, की हा तपासनीस आणि एजमधला मायक्रोसॉफ्ट एडिटर फॉर्मच्या चौकटींतला मजकूरही बाहेर पाठवतात. इतकेच नव्हे, तर ‘पासवर्ड दाखवा’ ही कळ दाबल्यास पासवर्डसुद्धा जातो. यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. ठिपक्यांआड असताना पासवर्डची चौकट वेगळ्या जातीची असते आणि तपासनीस तिच्याकडे वळत नाही. अक्षरे दिसू लागली की तीच चौकट साध्या मजकुराची होते, आणि तपासनीस आपले काम इमानेइतबारे करतो! पुढे काही संकेतस्थळांनी आपल्या चौकटींपुरती ही तपासणी बंद केली. म्हणजे खबरदारी घेण्याचे काम पान लिहिणाऱ्यांवर येऊन पडले.

आता शाळेतले काम पाहा. सत्राच्या शेवटी प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद लिहायची असते. पन्नास-साठ मुलांच्या नोंदी लिहिताना शिक्षक थकतो आणि तीच तीच वाक्ये येतात. मदतनीसाला चार शब्द दिले की तो सुबक परिच्छेद लिहून देतो. मोह होणे स्वाभाविक आहे, आणि त्याबद्दल शिक्षकाला बोल लावणे आम्हाला योग्य वाटत नाही. पण ते चार शब्द कोणते असतात? मुलाचे नाव, वाचनात मागे, वडील घरी नसतात, महिन्यातून आठ दिवस गैरहजर. वर्गातल्या दुसऱ्या मुलासमोरही आपण जे उच्चारणार नाही ते येथे एका कळीसरशी अनोळखी कंपनीच्या हाती जाते, आणि ज्याच्याविषयी ते आहे त्या मुलाला किंवा त्याच्या आईला कोणी विचारलेले नसते. भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षित आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, मात्र मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत दिली गेली.

मदतनीस केवळ वाचणारा नसून स्वतः कळी दाबणारा झाला, की प्रश्न आणखी अवघड होतो. पर्प्लेक्सिटी कंपनीच्या कॉमेट या ब्राउझरवर ब्रेव्ह कंपनीच्या संशोधकांनी केलेला प्रयोग ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. (ब्रेव्ह स्वतःही ब्राउझर तयार करते, म्हणजे प्रतिस्पर्धीच. तरीही प्रयोग चोख होता.) एका पानावरच्या प्रतिक्रियेत त्यांनी वाचकाला सहज न दिसणाऱ्या सूचना दडवल्या. वापरणाऱ्याने फक्त ‘या पानाचा सारांश सांग’ असे म्हटले. मदतनीसाने त्या दडवलेल्या सूचना आज्ञा समजून पाळल्या : वापरणाऱ्याचा ई-मेल पत्ता शोधला, त्याच्या टपालपेटीत आलेला एकवार वापरायचा संकेतांक वाचला, आणि दोन्ही त्याच पानावर उत्तर म्हणून लिहून टाकले. अशा भाषा-प्रारूपाला धन्याचे वाक्य आणि पानावरचे वाक्य दोन्ही एकाच शब्दप्रवाहात मिळतात. कोणती आज्ञा आणि कोणता निव्वळ मजकूर, यांच्यामध्ये पक्की भिंत नसते. एखादे छिद्र बुजवता येते. भिंतच नसणे हा रचनेतला दोष आहे.

कायदेशीर भाषेचीही एक गंमत पाहण्यासारखी आहे. मोझिलाने फेब्रुवारी २०२५ मध्ये फायरफॉक्ससाठी वापराच्या अटी जाहीर केल्या. ब्राउझरमधून भरलेली माहिती वापरण्याचा जगभर लागू असा विनामूल्य परवाना त्यांत वापरणाऱ्याकडून मागितला होता. टीकेची झोड उठल्यावर काही दिवसांतच शब्द बदलले गेले. ब्राउझर चालवण्यापुरताच तो परवाना होता, हे कंपनीचे स्पष्टीकरण आम्हाला अविश्वसनीय वाटत नाही. पण दुकानातून सामान आणायला पाठवलेल्या माणसाने घरादाराचे मुखत्यारपत्र लिहून मागावे, यातला बेढबपणा तज्ज्ञांच्या लक्षात आधीच यायला हवा होता. फेब्रुवारी २०२६ मध्ये फायरफॉक्सच्या १४८व्या आवृत्तीत अशा सर्व सोयी एकदम बंद करणारी कळ आली. हे चांगले झाले. आमची मागणी त्याहून लहान आणि सोपी आहे : प्रत्येक कळीवर ‘येथेच’ किंवा ‘बाहेर’ अशी खूण असावी.

तोपर्यंत शाळेच्या संगणक-कक्षात एक प्रयोग करून पाहता येईल. आवश्यक प्रारूपे आधी उतरवून घ्या, एक पान उघडा, मग इंटरनेटची तार काढा. आता भाषांतर, सारांश, तपासनीस अशी एकेक सोय वापरून विद्यार्थ्यांना तक्ता भरायला सांगा : कोणती चालते, कोणती थांबते. जी थांबते तिला बाहेरचा संगणक लागतो. जी चालते ती आकडेमोड येथेच करू शकते, मात्र तार जोडल्यावर ती काहीच पाठवत नाही, असे यावरून सिद्ध होत नाही. हा भेद वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा. त्यापुढे जायचे तर वायरशार्क या मुक्त प्रणालीने तारेतून जाणारी वाहतूक नोंदता येते. मजकूर कूटबद्ध असल्यामुळे वाचता येणार नाही, पण कोणत्या पत्त्याकडे, केव्हा आणि किती बाइट गेले एवढे दिसते. ही नोंद शाळेच्या संगणकावर, खोटी नावे टंकून आणि मुख्याध्यापकांना सांगूनच करावी.