घार, गिधाड आणि अन्वयार्थ : मानसशास्त्रीय समीक्षेतील तथ्य आणि मत

१

मानसशास्त्राचा आधार घेणाऱ्या समीक्षेवर सामान्यतः दोन आक्षेप घेतले जातात. ही समीक्षा कलाकृतीकडून कलावंताकडे वळते आणि त्यामुळे कलाकृतीच्या स्वायत्ततेला बाध येतो, हा पहिला. ज्या सिद्धान्तांवर ती उभी असते त्यांना विज्ञानाचा दर्जा देता येत नाही, हा दुसरा. हे दोन्ही आक्षेप महत्त्वाचे आहेत. परंतु त्यांच्या चर्चेत एक अधिक प्राथमिक प्रश्न मागे पडतो. अशा समीक्षेतील कोणते विधान तथ्याचे, कोणते अनुमानाचे आणि कोणते केवळ मताचे आहे, हा तो प्रश्न होय. सिद्धान्त स्वीकारला तरी हा प्रश्न सुटत नाही आणि नाकारला तरी संपत नाही.

तथ्य आणि मत यांतील सीमारेषा पुसली जाते ती बहुधा उघड असत्यामुळे नव्हे, तर क्रियापदामुळे. एका परिच्छेदात ‘असावे’ असे आलेले विधान पुढील परिच्छेदात ‘आहे’ होते आणि त्यापुढील प्रकरणात ‘आहे म्हणूनच’ असे आधारविधान बनते. मधल्या काळात कोणताही नवा पुरावा पुढे आलेला नसतो. वाढलेली असते ती केवळ वाचकाची सवय. ही प्रक्रिया स्वच्छपणे पाहण्यासाठी सिग्मंड फ्रॉइडच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या लिओनार्दो दा विंचीवरील निबंधाइतके उपयुक्त उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. त्यातील एक तथ्य पुढे निर्विवादपणे चुकीचे ठरले. त्यामुळे त्या तथ्यावर नेमके काय उभे होते, हे तपासण्याची दुर्मिळ संधी अभ्यासकाला मिळते.

२

लिओनार्दोच्या ‘कोदेक्स अत्लांतिकुस’ या हस्तलिखित-संग्रहात पक्ष्यांच्या उड्डाणाविषयीच्या टिपणांत एक लहानशी नोंद आहे. तिचा आशय असा : या पक्ष्याविषयी इतके तपशीलवार लिहिणे हे आपले विधिलिखित दिसते, कारण आपण पाळण्यात असताना तो पक्षी आपल्याकडे आला, शेपटीने त्याने आपले तोंड उघडले आणि त्याच शेपटीने ओठांच्या आत अनेकदा आघात केले, असे आपल्याला बालपणीच्या पहिल्या आठवणीत भासते. लिओनार्दोने स्वतःच्या बालपणाविषयी फारच थोडे लिहून ठेवले असल्याने या नोंदीला असाधारण महत्त्व येणे स्वाभाविक होते.

फ्रॉइडचे पहिले पाऊल सावध आहे. पाळण्यातील मुलाला अशी आठवण राहणे असंभवनीय असल्यामुळे ही स्मृती नसून नंतरच्या वयात रचली गेलेली व बालपणात नेऊन ठेवलेली कल्पना होय, असे तो म्हणतो. हे अनुमान आहे. पण साधार अनुमान आहे. पुढील पाऊल सिद्धान्ताचे आहे. तोंडात शिरणारी शेपटी हे एकीकडे लैंगिक प्रतीक आणि दुसरीकडे स्तनपानाच्या आद्य सुखाचे रूपान्तर, असा अर्थ तो लावतो. मनोविश्लेषणाची चौकट ज्याला मान्य आहे त्याला हा अर्थ ग्राह्य वाटेल, इतरांना वाटणार नाही. पण दोघांनाही येथे आपण तथ्याच्या प्रदेशातून सिद्धान्ताच्या प्रदेशात आलो आहोत, हे कळते.

तिसरे पाऊल मात्र वेगळ्या जातीचे आहे. आईच्या जागी पक्षी का आला आणि तोही गिधाडच का, हा प्रश्न फ्रॉइड उपस्थित करतो. उत्तरासाठी तो प्राचीन इजिप्तकडे वळतो. तेथील मुत ही मातृदेवता गिधाडाच्या मस्तकाची दाखवली जात असे. गिधाडांमध्ये नर नसतोच, मादी वाऱ्यापासून गर्भ धारण करते, अशी समजूत होरापोलोच्या ग्रंथात नोंदलेली आहे. चर्चच्या आद्य आचार्यांनी कुमारी मातेच्या समर्थनार्थ तिचा दाखला दिल्यामुळे ती लिओनार्दोलाही ठाऊक असणे शक्य होते. म्हणून आपण गिधाडाचे पिल्लू होतो, म्हणजे आपल्याला आई होती पण बाप नव्हता, असा त्या कल्पनेचा आशय ठरतो. यावरून निष्कर्ष असा की अनौरस लिओनार्दोची पहिली निर्णायक वर्षे बापाच्या घरी नव्हे, तर कातेरिना या परित्यक्त आईच्या एकाकी सहवासात गेली.

हा निष्कर्ष धाडसी आहे, याची फ्रॉइडला जाणीव आहे आणि ती तो लपवीत नाही. परंतु निबंधाच्या उत्तरार्धात हीच एकाकी आई गृहीत धरली जाते. तिच्या चुंबनांतून मुलाची लैंगिक प्रवृत्ती, तिच्या स्मितातून मोना लिसाचे स्मित, तिच्यातून आणि सावत्र आई अल्बिएरातून ‘संत अ‍ॅन, कुमारी आणि बालक’ या चित्रातील दोन समवयस्क भासणाऱ्या माता, अशी एकावर एक मजल्यांची उभारणी होते. ‘असावे’चे ‘आहे’ झाले ते येथे.

३

लिओनार्दोने लिहिलेला शब्द होता ‘निब्बिओ’. त्याचा अर्थ घार. फ्रॉइडने ज्या जर्मन अनुवादाचा आधार घेतला त्यात त्या जागी गिधाडवाचक शब्द होता. ही चूक एरिक मॅक्लॅगन याने १९२३ साली निदर्शनास आणली. फ्रॉइडने आपल्या निबंधाच्या मजकुरात ती सुधारली नाही. १९५६ साली कलेतिहासकार मायर शपिरो याने तिचे परिणाम सविस्तर मांडले.

घारीला मुत देवतेशी काही कर्तव्य नाही. वाऱ्यापासून गर्भ धारण करण्याची कथाही तिची नाही. म्हणजे बापाची अनुपस्थिती ज्या दुव्यावर टांगलेली होती तो दुवाच निखळला. शपिरोने आणखी दोन गोष्टी दाखवून दिल्या. उड्डाणाचा अभ्यास करणाऱ्या लिओनार्दोला घारीच्या शेपटीची सुकाणूसारखी हालचाल विशेष महत्त्वाची वाटत होती. तेव्हा नोंदीत घार आणि तिची शेपटी येण्याचे एक कारण ती नोंद ज्या टिपणांत आहे त्या टिपणांतच उपलब्ध होते. दुसरे असे की थोर पुरुषाच्या पाळण्यात एखादा जीव येऊन तोंडाशी काही करतो आणि त्यावरून त्याचे भविष्य कळते, हा कथाबंध प्राचीन आहे. मिडासच्या तोंडात मुंग्यांनी धान्याचे दाणे आणून ठेवले, प्लेटोच्या ओठांवर मधमाश्या बसल्या, या कथा सिसेरोने नमूद केलेल्या आहेत. वैयक्तिक अबोध मनाचा उद्गार म्हणून जे वाचले गेले, ते वाङ्मयीन संकेताचे उपयोजनही असू शकते. साहित्याच्या अभ्यासकाला हा मुद्दा विशेष जवळचा वाटावा; कारण संकेत ओळखणे हे त्याच्या शास्त्राचे पहिले काम आहे.

याच अनुवादाच्या संदर्भात एक विरुद्ध दिशेचा तपशीलही नोंदवला पाहिजे. मूळ इटालियनमध्ये शेपटीचे आघात ओठांच्या ‘आत’ झाले आहेत. फ्रॉइडच्या जर्मन पाठात ते ओठांवर होतात. म्हणजे मूळ पाठ या बाबतीत फ्रॉइडच्या अर्थनिर्णयाला अनुवादापेक्षा अधिक अनुकूल होता. तथ्ये कोणाचा पक्ष घेत नाहीत. पाठनिश्चितीचा आग्रह हा मनोविश्लेषणविरोधकांचा डावपेच नसून उभय पक्षांची समान गरज आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

मत तथ्याला कसे जन्म देते, याचा नमुनाही या प्रकरणात आहे. १९१३ साली ऑस्कर फिस्टर याला लूव्र संग्रहालयातील ‘संत अ‍ॅन’च्या चित्रात कुमारीच्या निळ्या वस्त्राच्या घड्यांतून गिधाडाची आकृती दिसली, तिची शेपटी बालकाच्या मुखाकडे वळलेली होती. १९१९च्या आवृत्तीत फ्रॉइडने या निरीक्षणाची टीपेत दखल घेतली. वस्त्राच्या घड्या हे तथ्य होते. त्यांत गिधाड दिसले ते गिधाडाचा शोध आधी सुरू झाला होता म्हणून. मूळ नोंदीत गिधाड नव्हतेच हे सिद्ध झाल्यावर या पुराव्याचे काय होते? चित्र तेच, घड्या त्याच. फक्त पाहणाऱ्याने आपण काय पाहिले हे पुन्हा स्वतःला विचारावे लागते.

४

समर्थकांनी या आपत्तीला दिलेले उत्तर मोलाचे आहे. कारण त्यातच खरा तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. फ्रॉइडच्या साहित्याचे इंग्रजी संपादक जेम्स स्ट्रेची यांची भूमिका अशी की चुकीमुळे इजिप्तविषयक भाग निराधार होतो, पण मूळ कल्पनेचे विश्लेषण अबाधित राहते. १९६१ साली कुर्ट आइस्लर याने शपिरोला ग्रंथरूपाने उत्तर देताना पक्षी कोणताही असला तरी बालकाच्या मुखात शेपटी जाण्याची विलक्षण कल्पना स्पष्टीकरण मागतेच, असे प्रतिपादन केले. हे म्हणणे पूर्णपणे अग्राह्य नाही. संकेत सापडला म्हणून त्याची निवड का झाली, हा प्रश्न मिटत नाही.

परंतु येथे एक प्रयोग करून पाहता येतो. मराठी वाचकाला घार परकी नाही. आकाशात हिंडणारी, पण चित्त पिलांपाशी ठेवणारी घार हा मराठी मनात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला वात्सल्याचा दृष्टान्त आहे. तेव्हा एखाद्या मराठी समीक्षकाला सहज म्हणता येईल की गिधाड गेले तरी बिघडले नाही. घार तर गिधाडाहूनही अधिक ‘आई’ आहे आणि फ्रॉइडचा निष्कर्ष उलट दृढच झाला. युक्तिवाद आकर्षक आहे, आणि तो सर्वस्वी व्यर्थ आहे. प्रश्न मराठी परंपरेतील घारीचा नसून लिओनार्दोच्या घारीचा आहे. त्याने जुन्या आधारांवरून केलेल्या प्राणिविषयक टिपणांत घार ही मत्सराचे प्रतीक म्हणून येते : घरट्यातील पिले फार पुष्ट झालेली दिसली की ती त्यांच्या कुशींवर चोच मारते आणि त्यांना उपाशी ठेवते. वात्सल्याची मूर्ती म्हणून जी उभी करायची, तीच येथे पिलांच्या मुखातला घास काढून घेते.

अर्थात यावरही तोडगा निघू शकतो. प्रेमळ आईच्या जागी मत्सरी आई आली, तर द्विधा भावनेचा सिद्धान्त हाताशी आहेच. गिधाड असो, वत्सल घार असो वा मत्सरी घार असो, निष्कर्ष तोच. कार्ल पॉपरने मनोविश्लेषणाच्या खंडनीयतेविषयी घेतलेला आक्षेप येथे आठवेल. पण तो संपूर्ण शास्त्राला लागू करण्याची येथे आवश्यकता नाही. १९८४ साली अ‍ॅडॉल्फ ग्रुनबाउम याने मनोविश्लेषणाची काही विधाने खंडनीय आहेतच, उणीव आहे ती पुराव्याची, असे पॉपरच्या विरोधात दाखवण्याचा प्रयत्न केला होता. समीक्षकाने विचारावयाचा प्रश्न त्याहून लहान व नेमका आहे : हे तथ्य बदलले असते तर माझे विधान बदलले असते काय? उत्तर नकारार्थी असेल, तर ते तथ्य विधानाचा आधार नव्हते. तो केवळ अलंकार होता. आधार काढून घेतल्यावरही जे मत जागचे हलत नाही, ते मत त्या आधारावर कधीच उभे नव्हते.

५

बालपणासंबंधीच्या कागदपत्रांनाही हीच कसोटी लावता येते. १४५७च्या करविषयक नोंदीत पाच वर्षांचा लिओनार्दो पित्याच्या कुटुंबात आढळतो. मूल त्या वर्षी तेथे होते एवढेच हे तथ्य सांगते. ते तेथे केव्हा आले, हे सांगत नाही. फ्रॉइडने मधली पोकळी गिधाडाच्या आधारे भरली. १९३९ साली आजोबा अंतोनियो यांची नोंद प्रसिद्ध झाली; तीत नातवाचा जन्म १५ एप्रिल १४५२ रोजी झाल्याचे आणि बाप्तिस्म्याला उपस्थित असलेल्यांची नावे दिलेली आहेत. जन्म लपवलेला नव्हता, कुटुंबाने त्याची दखल घेतली होती, इतके यावरून निश्चित म्हणता येते. मात्र फ्रॉइडच्या विरोधकांनी ‘म्हणून मूल पहिल्या दिवसापासून पित्याच्याच घरी वाढले’ असे म्हटले, तर तेही अनुमानच ठरते. तान्ह्याला दूध कोणी पाजले, हे ती नोंद सांगत नाही.

कातेरिनाच्या ओळखीचा वाद अद्याप मिटलेला नाही. २०१७ साली मार्टिन केम्प आणि जुझेप्पे पल्लान्ती यांनी ती त्याच परिसरातील एक अनाथ मुलगी असल्याचे मत मांडले. २०२३ साली कार्लो वेच्चे याने ती कॉकेशस प्रदेशातून आणलेली गुलाम स्त्री असावी, असे एका दास्यमुक्तीच्या दस्तऐवजाच्या आधारे सुचवले. हा दस्तऐवज लिओनार्दोच्या पित्याने, सेर पिएरोने, नोटरी या नात्याने तयार केलेला होता. दस्तऐवजातील कातेरिना खरी आहे. तीच लिओनार्दोची आई होय, हे अनुमान आहे. तथ्य आणि मत यांची सरमिसळ ही केवळ मनोविश्लेषकांची व्याधी नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. दफ्तरखान्यातही ‘असावे’ला ‘आहे’ होण्याची घाई असते.

६

मराठी समीक्षेला या चर्चेचे प्रयोजन दूरचे नाही. बालकवींचा मृत्यू १९१८ साली, वयाची तिशी गाठण्यापूर्वी, भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात झाला, हे तथ्य आहे. त्यांच्या काही कवितांत गडद उदासीनता आहे, हे पाठावरून दाखवता येण्याजोगे निरीक्षण आहे. परंतु त्या उदासीनतेत मृत्यूची चाहूल होती किंवा मृत्यूचे रहस्य त्या उदासीनतेत आहे, असे म्हणताच दोन स्वतंत्र गोष्टींमध्ये एक अदृश्य ‘म्हणून’ शिरतो. मृत्यू ठाऊक असलेला वाचक कविता मागाहून वाचतो आणि आपल्या ज्ञानाला कवीचे पूर्वज्ञान समजतो. फिस्टरला वस्त्रात गिधाड दिसले, त्याहून ही क्रिया फारशी निराळी नाही.

याचा अर्थ समीक्षकाने अनुमान करूच नये असा नव्हे. अनुमानाचा त्याग केला तर सनावळी आणि शब्दसूची यांपलीकडे काही उरणार नाही. फ्रॉइडच्या निबंधाने कलावंताच्या बालपणाविषयी जे प्रश्न विचारले ते त्यापूर्वी अशा धिटाईने विचारले गेले नव्हते, आणि चूक उघड झाल्यावरही त्या प्रश्नांचे मोल उरते. आपण मनोविश्लेषणात्मक कादंबरी लिहिली असा आरोप होईल, हे त्याने स्वतःच निबंधाच्या अखेरीस बोलून दाखवले आहे आणि आपल्या निष्कर्षांच्या निश्चितीविषयी फार मोठा दावाही केलेला नाही. हा संयम त्याच्या पुष्कळ अनुयायांमध्ये आढळत नाही. त्यांनी निष्कर्ष उचलले आणि त्यांच्यासोबतचा ‘बहुधा’ मागे ठेवला.

मानसशास्त्रीय समीक्षेचे श्रेय तिच्या निष्कर्षांच्या धक्कादायकतेवर अवलंबून नाही. पाठ कोठे संपतो, अनुमान कोठे सुरू होते आणि सिद्धान्त कोठे हाती घेतला, हे वाचकाला प्रत्येक टप्प्यावर दिसू देण्यात ते आहे. अशा रीतीने लिहिलेला अन्वयार्थ चुकला, तरी तो कोठे चुकला हे दाखवता येते आणि तेथून पुढे जाता येते. मॅक्लॅगनला चूक दाखवता आली ती फ्रॉइडने आपला आधार उघडपणे छापला होता म्हणून. आधारच न देणाऱ्या समीक्षेत गिधाडाची घार करण्याची संधी कोणालाच मिळत नाही.