पूर्ण घटकीय प्रयोगरचना : तक्त्याचा क्रम आणि कार्यशाळेतील क्रम

पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांमुळे अभियांत्रिकीच्या प्रकल्पांना प्रयोगविषयांची वाण नाही. प्रयोगांची आखणीही आता पायथन भाषेतील ‘पायडीओई’सारख्या छोट्या लायब्ररीमुळे क्षणात होते. तिच्यातील ‘फुलफॅक्ट’ या फलनास तीन घटकांचे प्रत्येकी तीन स्तर कळविले की सर्व 27 जोडण्यांचा तक्ता हाती येतो. ही सोय निर्विवाद आहे. मात्र हा तक्ता म्हणजेच प्रयोगाची रचना, ही समजूत तपासून पाहणे आवश्यक आहे.

स्पॉट वेल्डिंगचे उदाहरण घ्यावे. इलेक्ट्रोडचा दाब, वेल्डचा कालावधी व विद्युतप्रवाह हे घटक याच क्रमाने दिले, तर तक्त्यात दाब ओळीगणिक बदलतो आणि प्रवाह सलग नऊ ओळी तोच राहतो. प्रत्येक जोडणीस दहा नमुने घेतल्यास पहिले 90 वेल्ड कमी प्रवाहावर आणि अखेरचे 90 जास्त प्रवाहावर पडतात. दरम्यान जस्तलेपित पत्र्यावर तांब्याची टिप झिजून पसरते, स्पर्शक्षेत्र वाढते व प्रवाहाची घनता घटते. परिणामी प्रवाह वाढविल्याचा लाभ असतो त्याहून कमी दिसतो. मोजमाप अचूक, आकडेमोडही बिनचूक. निष्कर्ष तेवढा चुकतो! मध्येच टिप ड्रेसिंग करून त्याची नोंद ठेवली नसेल, तर हा दोष नंतर शोधणेही कठीण.

रॉथॅमस्टेड येथील शेती-प्रयोगांतून घडलेल्या रोनाल्ड फिशर यांनी ‘दि डिझाइन ऑफ एक्स्परिमेंट्स’ (1935) या ग्रंथात यादृच्छिक मांडणीचा आग्रह धरला, तो अशाच कारणासाठी. शेतात जमिनीचा कस जागोजागी बदलतो. येथे टिपेची अवस्था वेल्डागणिक बदलते.

‘फुलफॅक्ट’ ओळींचा क्रम ढवळत नाही. ते काम स्वतंत्र एका ओळीच्या आज्ञेने होते. ओतशाळेत मात्र भट्टीचे तापमान प्रत्येक ओळीस बदलणे परवडत नाही. तेथे विभाजित-खंड रचना व तिला अनुरूप विश्लेषणच स्वीकारावे लागते, आणि हा निर्णय लायब्ररी घेऊ शकत नाही. शिवाय तक्त्यातील 0, 1, 2 हे केवळ स्तरांचे संकेत असल्याने त्यांचे प्रत्यक्ष मूल्यांत रूपांतर करणेही प्रयोगकर्त्याकडेच राहते.

प्रकल्प अहवालात तक्त्याशेजारी प्रत्यक्ष प्रयोगक्रमाचा व टिप ड्रेसिंगच्या वेळांचा स्तंभ असावा, आणि मौखिक परीक्षेत परीक्षकांनी आलेखाआधी तोच पाहावा.